सारख्याच दिसणाऱ्या दोन बेजमधून निवडताना

घराला रंग द्यायचं ठरलं की पहिले काही दिवस शेडकार्डावर सगळे रंग फिरून होतात. फिकट हिरवा, आकाशी, जांभळट. मग घरातलं कोणीतरी म्हणतं, ‘‘बिस्किट कलरच घेऊ, कशावरही जातो.’’ सगळ्यांना ते पटतं आणि खरी अडचण तिथून सुरू होते. शेडकार्डाच्या त्या पानावर बिस्किट कलर, म्हणजे बेज, एक नसतो. बदामी, मोतिया, गव्हाळ, वाळूच्या रंगाचा, अशा चौकटी एकाखाली एक लावलेल्या असतात. गाळत गाळत शेवटी दोन उरतात, आणि त्या दोघांत फरक काय हे कुणालाच नीट सांगता येत नाही. रंगारी म्हणतो, ‘‘कोणताही घ्या, भिंतीवर गेल्यावर काही कळत नाही.’’ माझा अनुभव नेमका उलट आहे. भिंतीवर गेल्यावरच कळतं, आणि तोवर वीस लिटरची बादली उघडलेली असते. मशीनवर बनवून दिलेला रंग दुकानदार सहसा परत घेत नाही.

म्हणून निवड बादली उघडण्याआधी व्हायला हवी. ती करताना शेडकार्डाकडे कमी आणि खोलीकडे जास्त बघावं लागतं. खोलीतली जी गोष्ट तुम्ही बदलणार नाही आहात, म्हणजे बहुतेक घरांत फरशी, ती आधी बघायची. त्यानंतर बघायचा तो उजेड, ज्या उजेडात तुम्ही त्या खोलीत खरोखर वावरता. या दोन्हींसमोर धरले की जुळे वाटणारे दोन बेज लगेच वेगळे होतात.

एका जोडीचा हिशेब

एक खरी जोडी घेऊन बोलू. शेरविन-विल्यम्स या अमेरिकन कंपनीच्या रंगांत ‘किलिम बेज’ (क्रमांक ६१०६) आणि ‘ॲक्सेसिबल बेज’ (क्रमांक ७०३६) असे दोन रंग आहेत. अमेरिकेत घर घेतलेल्या अनेक मराठी कुटुंबांना ही नावं ओळखीची असतील. सजावटीच्या फोटोंमधून ती आता आपल्याकडेही पोचली आहेत. फोनवरचा फोटो दाखवून ‘हाच रंग द्या’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाचं दुकानदाराला नवल वाटत नाही.

प्रत्येक छटेचा एक आकडा असतो. तिच्यावर पडलेल्या उजेडातला किती भाग ती परत फेकते, हे तो सांगतो. पूर्ण काळ्याला शून्य, पूर्ण पांढऱ्याला शंभर. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला एलआरव्ही म्हणतात. किलिमचा एलआरव्ही ५७ आहे, ॲक्सेसिबलचा ५८. उजळपणात दोघे बरोबरीचेच म्हणायचे. एकाने खोली अंधारेल आणि दुसऱ्याने उजळेल, असं होणार नाही. बेज निवडताना लोक ‘डार्क कुठला, लाइट कुठला’ यावरच वाद घालत बसतात. या जोडीपुरता तो वाद एका आकड्याने मिटतो.

आता त्यांचे संगणकाच्या पडद्यासाठी दिलेले आकडे पाहा. लाल, हिरवा, निळा या क्रमाने किलिमचे आकडे २१५, १९७, १७४ आहेत आणि ॲक्सेसिबलचे २०९, १९९, १८४. लालमधून निळा वजा करा. किलिमचे ४१ उरतात, ॲक्सेसिबलचे २५. ही बाकी जितकी मोठी, तितका रंग केशरी-पिवळ्याकडे झुकलेला. जितकी लहान, तितका तो करड्याच्या जवळचा. या दोघांतला जवळजवळ सगळा फरक या वजाबाकीत आहे. किलिमला जर्दाळूची झाक आहे. ॲक्सेसिबल बेज असूनही अर्धा करड्याकडे गेलेला आहे.

रंगशास्त्रात दोन रंगांमधलं अंतर मोजायचं एक माप आहे. १९७६ साली ठरलेल्या सूत्राने हिशेब केला, तर या जोडीतलं अंतर साधारण ५ भरतं. दोन पट्ट्या एकमेकींना चिकटवून धरल्या तर १ ते २ इतकं अंतरही सरावलेल्या डोळ्याला जाणवतं, त्यामुळे ५ अगदी स्पष्ट दिसेल. पण एक पट्टी दुकानात बघायची आणि दुसरी घरी, असं केलं तर ५ चं अंतरही हातातून निसटतं. डोळा तुलना उत्तम करतो. रंग लक्षात ठेवणं त्याला फारसं जमत नाही. तेव्हा ‘मी बघून आलो आहे, हा तोच’ या आठवणीवर विसंबू नका. दोन्ही छटा नेहमी एकत्र, एकाच वेळी समोर असू द्या.

हीच वजाबाकी कोणत्याही कंपनीच्या दोन छटांवर करता येते. बऱ्याच कंपन्यांच्या संकेतस्थळांवर हे आकडे असतात. मात्र ते पडद्यावर रंग दाखवण्यापुरते बेतलेले असतात, त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन छटांची तुलना करायला वापरा. एका कंपनीचा आकडा घेऊन दुसऱ्या कंपनीच्या दुकानात तोच रंग मागायला गेलात, तर तो जुळेलच असं नाही.

डब्यात काय पडतं

बेज हा मुळात पांढरा रंग आहे, ज्यात थोडी माती कालवली आहे असं समजा. दुकानातल्या बेसमध्ये टायटॅनियम डायऑक्साइडचा पांढरेपणा असतो. मशीन त्यात पिवळा ऑक्साइड, लाल ऑक्साइड आणि काळा यांचं थोडं थोडं माप सोडतं. यातले पिवळा आणि लाल हे लोखंडाचे ऑक्साइड. गेरू आणि पिवळी माती यांना रंग देणारी मूळ द्रव्यं तीच. ती उन्हाने सहसा उडत नाहीत, म्हणून बेज भिंती वर्षानुवर्षं टिकून राहतात. दोन बेजमधला फरक म्हणजे बहुतेक वेळा या तिघांच्या मापातला किरकोळ फरक.

लाल ऑक्साइडचं माप जरा वाढलं की बेज गुलाबी किंवा जर्दाळूकडे जातो. लाल कमी करून पिवळ्यात काळा वाढवला की तो हिरवटाकडे सरकतो, कारण पिवळा आणि काळा मिसळले की शेवाळी छटा येते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे खोटं वाटतं. एका थाळीत थोडा पिवळा आणि थेंबभर काळा कालवून बघा. ‘आमच्या हॉलच्या भिंती रात्री हिरव्या का दिसतात?’ या प्रश्नाचं उत्तर अनेकदा या काळ्या थेंबात असतं. डब्याच्या झाकणावर मशीन एक चिठ्ठी छापून लावतं, तिच्यावर काही दुकानांत हे माप लिहिलेलं असतं. नसलं तर दुकानदाराला मशीनच्या पडद्यावर दाखवायला सांगा. दोन छटांचे फॉर्म्युले शेजारी ठेवले आणि लाल कशात जास्त, काळा कशात जास्त एवढं बघितलं, तरी निम्मं काम झालं.

फॉर्म्युला मिळाला नाही तर कोरा पांढरा कागद वापरा. साधा प्रिंटरचा कागद दोन्ही छटांच्या मधोमध धरा आणि खिडकीजवळ जा. शेडकार्डावर बेजच्या शेजारी बेजच असतात, त्यामुळे झाक लपते. पांढऱ्याशेजारी ती उघडी पडते: हा पिवळा, हा गुलाबी, हा करडा. अजून शंका असेल तर त्याच पट्टीवरची सगळ्यात गडद चौकट बघा. पुष्कळ शेडकार्डांत एका पट्टीवर एकाच कुळातल्या फिकट ते गडद छटा असतात, आणि खालच्या गडद छटेत कुळ स्पष्ट कळतं. खाली विटकरी असेल तर वरचा बेज गुलाबी आहे. खाली शेवाळी असेल तर हिरवट.

फरशी

इथे जरा थांबून बोलायला हवं, कारण रंग निवडताना फरशीकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं.

पॅरिसमध्ये गोबेलँ नावाचा गालिचे आणि भित्तिपट विणण्याचा प्रसिद्ध कारखाना आहे. १८२४ साली मिशेल शेव्हरल हे रसायनशास्त्रज्ञ तिथल्या रंगाईचे प्रमुख झाले. काळं सूत पुरेसं काळं दिसत नाही, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी सूत तपासलं. रंगात खोट नव्हती. काळ्याच्या शेजारी जे रंग विणले होते, त्यांच्यामुळे डोळ्याला काळा फिका वाटत होता. या शोधाचा पाठपुरावा करत त्यांनी १८३९ मध्ये ग्रंथ लिहिला. त्याचं सार आपल्या कामाचं आहे: शेजारचा रंग आपल्या रंगाला स्वतःच्या विरुद्ध दिशेला ढकलतो. हिरव्याशेजारचा रंग लालसर वाटतो, पिवळ्याशेजारचा जांभळट, निळ्याशेजारचा केशरी.

बेजइतका या ढकलण्याला बळी पडणारा दुसरा रंग नाही. त्याची स्वतःची झाक इतकी हलकी असते की शेजारी ती सहज बदलून टाकतो. आता आपल्या घरांतल्या फरश्या डोळ्यांसमोर आणा. कोटा फरशी हिरवट असते. तिच्यावर किलिमसारखा जर्दाळू झाक असलेला बेज लावला तर तो आणखी गुलाबी, कातडीच्या रंगाचा वाटू लागतो; ॲक्सेसिबलसारखा करडा बेज तिथे शांत राहतो. शहाबादी फरशी निळसर करडी, ती बेजला केशरीकडे ढकलते. तिथेही करडा बेजच बरा. जुन्या इमारतींतल्या मोझॅकमध्ये पांढरे, काळे, हिरवे, तपकिरी खडे एकत्र असतात. तिथे जमिनीवर उभं राहून डोळे किंचित मिटून बघा, सगळे खडे मिसळून जो एक रंग दिसतो तो तुमच्या फरशीचा रंग.

गेल्या वीसेक वर्षांतल्या पुष्कळ फ्लॅटमध्ये क्रीम किंवा आयव्हरी रंगाच्या व्हिट्रिफाइड टाइल्स असतात. या पिवळसर टाइल्सवर करडा बेज फसतो. पिवळ्याशेजारी तो जांभळट-करडा वाटतो, आणि नव्या रंगाची भिंत मळकी दिसते. अशा घरात मी किलिमच्या बाजूने कौल देईन, किंवा निदान त्या दोघांच्या मधला एखादा शोधायला सांगेन. कोकणात आणि गोव्यात जुन्या घरांत लाल कोबा असतो. त्याच्याजवळ हिरवट झाकेचा बेज फार हिरवा दिसतो. तिथे जरा लालसर बेज घरासारखा दिसतो.

मात्र फरशी दोन कामं करते, आणि ती एकमेकांच्या उलट आहेत. नजर फरशीवरून भिंतीवर जाते तेव्हा फरशी भिंतीला विरुद्ध रंगाकडे ढकलते. पण फरशीवर ऊन पडलं, की ती स्वतःचाच रंग भिंतीवर फेकते. लाल कोब्यावर सकाळचं ऊन आलं की भिंतीचा खालचा भाग लालसर होतो. ज्या खोलीत थेट ऊन येतं तिथे हा फेकलेला रंग जिंकतो. जिथे येत नाही तिथे विरोधाचा परिणाम जास्त. तुमच्या खोलीत यातलं काय होतं हे कागदावर ठरत नाही, नमुना फरशीला टेकवून उभा करूनच बघावं लागतं. त्याची पद्धत पुढे सांगतो.

फरशीनंतर दरवाजे. अमेरिकन घरांच्या फोटोंत दाराच्या चौकटी आणि भिंतीच्या पायथ्याच्या पट्ट्या बहुधा पांढऱ्या असतात, त्या पांढऱ्याशेजारी बेज छान उठून दिसतो. आपल्याकडे सागवानी पॉलिशचे किंवा तपकिरी लॅमिनेटचे दरवाजे असतात, आणि पांढरे असतात ते स्विचबोर्ड, पंखा आणि एसी. फोटोतला परिणाम घरात उतरत नाही त्याचं हे एक मोठं कारण आहे. केशरी पॉलिशच्या सागवानाशेजारी करडा बेज थंड वाटतो, आणि किलिमसारखा त्यात मिसळून जातो. मिसळावा की वेगळा दिसावा, ही आवडीची गोष्ट. ठरवताना मात्र नमुना एकदा दाराशेजारी धरून बघितलेला असावा.

उत्तरेची खोली आणि ट्यूबलाइट

रंगाविषयीच्या परदेशी लेखांत एक सल्ला हमखास सापडतो: उत्तरेच्या खोलीत उजेड थंड, निळसर असतो, म्हणून तिथे ऊबदार रंग लावा. हा सल्ला त्यांच्या जागी बरोबर आहे. न्यूयॉर्क ४० अंश अक्षांशाच्या थोडं वर आहे, तिथे भर दुपारी सूर्य वर्षभर दक्षिणेलाच असतो. मुंबई १९ अंशांवर, पुणे साडेअठरा अंशांवर. आपल्याकडे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून उत्तरेकडे झुकलेला असतो. त्या काळात पावसाचे ढग असतात हे खरं, पण मेच्या उत्तरार्धात आणि जूनच्या सुरुवातीला उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन आत येऊ शकतं. शिवाय आपल्या शहरांत खिडकीबाहेर मोकळं आकाश किती घरांना मिळतं? समोरच्या इमारतीची गुलाबी भिंत, बाल्कनीवर बांधलेली हिरवी जाळी, खिडकीला टेकलेलं बदामाचं झाड, सरकत्या खिडकीची काळसर काच. उजेड यांच्यावरून आपटून किंवा यांच्यातून गाळून आत येतो. दिशा बघा, पण त्याहून जास्त खिडकीबाहेर काय आहे ते बघा. बाहेर हिरवंगार झाड असेल तर हिरवट बेज टाळलेला बरा.

ऋतूचंही भान हवं. आपल्याकडे पाऊस ओसरला की दसरा-दिवाळीआधी रंगकाम निघतं, म्हणजे नमुने बघितले जातात ते भाद्रपदातल्या ढगाळ दिवसांत. ढगाळ उजेड निळसर असतो. त्यात दोन्ही बेज करडे आणि उदास दिसतात, आणि मन आपोआप जास्त केशरी छटेकडे ओढलं जातं. मग ऑक्टोबरचं ऊन पडतं आणि तीच भिंत भडक वाटायला लागते. पावसाळ्यात निवड करत असाल तर दोन्हींतला फिका वाटणारा एकदम बाद करू नका. एखादा उघडीपीचा दिवस येईपर्यंत थांबा.

आता खरा मुद्दा. दोघं नोकरी करणारी, मुलं शाळा-क्लासला, अशा घरात हॉलमध्ये माणसं असतात ती मुख्यतः संध्याकाळी सातनंतर. बेज निवडला जातो रविवारी सकाळी खिडकीजवळ, आणि वर्षभर पाहिला जातो रात्री ट्यूबखाली. हे उलटं आहे. आपल्याकडे घरात लावलेल्या एलईडी ट्यूब बहुतेक ६५०० केल्विनच्या, ‘कूल डेलाइट’ असं लिहिलेल्या असतात. त्यांचा उजेड निळसर पांढरा. त्यांच्याखाली ॲक्सेसिबलसारखा बेज चक्क करडा होतो, किलिम मात्र जमिनीवर येतो आणि नेमका बेज दिसतो. याउलट २७०० ते ३००० केल्विनच्या, ‘वॉर्म व्हाइट’ पिवळ्या दिव्याखाली किलिम जड आणि केशरी होतो, आणि ॲक्सेसिबलला हवी तेवढी ऊब येते. ४००० च्या दिव्यात दोघेही आपापल्या जागी राहतात. फॉल्स सीलिंगमध्ये पिवळे दिवे आणि भिंतीवर पांढरी ट्यूब अशी दोन्ही सोय असेल, तर रोज कुठलं बटण दाबता ते प्रामाणिकपणे आठवा. पाहुण्यांसाठी लागणाऱ्या दिव्यांवर रंग ठरवू नये.

दिव्याचा आणखी एक आकडा बघावा, सीआरआय. रंग किती खरे दिसतात याचं हे माप, कमाल १००. खोक्यावर ८० पेक्षा कमी असेल किंवा काहीच लिहिलेलं नसेल, तर तो दिवा बेजला मारून टाकतो. ९० च्या आसपासचा मिळाला तर घ्या. आणि एक हिशेबाची गोष्ट: भिंती आवडत नसतील तर रंग बदलण्याआधी दिवा बदलून बघा. रंगकामाच्या खर्चापुढे दोन ट्यूबची किंमत काहीच नाही.

काही जोड्या एका उजेडात अगदी एकसारख्या आणि दुसऱ्या उजेडात स्पष्ट वेगळ्या दिसतात. दोन छटा वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी बनवल्या असतील तर हे होतं. दुकानातल्या उजेडात ‘एकच आहेत’ म्हणून सोडून दिलेल्या दोन छटा घरी भांडतात, ते यामुळेच. म्हणून दुकानात अंतिम निर्णय करूच नये.

नमुना कसा करावा

कंपन्यांचे छोटे नमुना-डबे मिळतात. दोन्ही छटांचे घ्या. शक्य असेल तर ज्या प्रकारचं इमल्शन भिंतीला लावणार त्यातच घ्या, कारण एकाच क्रमांकाची छटा साध्या डिस्टेंपरमध्ये आणि चमक असलेल्या महागड्या इमल्शनमध्ये वेगळी दिसते.

नमुना थेट जुन्या भिंतीवर लावू नका. खाली आकाशी रंग असेल तर त्याची किनार दोन्ही बेजना केशरीकडे ढकलेल आणि तुलनाच बिघडेल. त्याऐवजी दोन-दोन फुटांचे हार्डबोर्डचे किंवा जाड पुठ्ठ्याचे तुकडे घ्या. प्रत्येक छटेचे दोन, म्हणजे एकूण चार. त्यांना पांढरा प्रायमर मारा, वाळल्यावर रंगाचे दोन हात द्या आणि एक रात्र जाऊ द्या. ओलं इमल्शन दुधट आणि फिकं दिसतं, वाळल्यावर गडद होतं. ओल्या नमुन्यावरून कौल देऊ नका.

चार तुकडे का, ते सांगतो. एकाच छटेचे दोन तुकडे काटकोनात, खोलीच्या कोपऱ्यासारखे उभे करा. उजेड एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जातो आणि दर खेपेला थोडा निळा भाग गमावतो, त्यामुळे कोपऱ्यात रंग जास्त दाट दिसतो. चारही भिंतींना बेज लावल्यावर संपूर्ण खोलीत हेच घडतं. शेडकार्डावर फिका, सोज्वळ वाटलेला रंग खोलीभर पिवळा का वाटतो, याचं मुख्य कारण हे आहे. किलिमसारख्या छटेत हा फरक मोठा असतो, करड्या बेजमध्ये कमी. तुकड्यांची ही जोडी करून बघितल्याशिवाय हे कळायला दुसरा मार्ग नाही, आणि मला विचाराल तर सगळ्या लेखातली एवढी एक गोष्ट केलीत तरी पुरे.

तुकडे उभेच ठेवा. टेबलावर आडव्या ठेवलेल्या नमुन्यावर वरून जास्त उजेड पडतो आणि तो भिंतीपेक्षा उजळ दिसतो. मागे पांढरी चादर लावा, म्हणजे जुन्या भिंतीचा रंग मध्ये येणार नाही. खालची कड फरशीला टेकलेली असू द्या. खिडकीसमोरच्या भिंतीला, खिडकीच्या बाजूच्या भिंतीला, दरवाज्याशेजारी आणि सोफ्यामागे असे फिरवा. सकाळी, चारच्या सुमारास आणि रात्री तुमच्या रोजच्या दिव्यात बघा. तिन्ही वेळांना एकच छटा आवडली तर उत्तम. तसं नाही झालं तर रात्रीची निवड मोठी माना, झोपायच्या खोलीत तर नक्कीच. स्वयंपाकघरात सकाळची मोठी माना.

फोटो काढून नातेवाइकांना पाठवणार असाल तर दोन्ही नमुने आणि पांढरा कागद एकाच फोटोत घ्या. फोनचा कॅमेरा प्रत्येक फोटोत रंगाचा तोल स्वतः बदलतो. दोन वेगळ्या फोटोंतले बेज शेजारी ठेवून काहीच कळत नाही. एका फोटोत असले तर निदान एकमेकांच्या तुलनेत कोण केशरी, कोण करडा हे टिकतं.

घरात ज्येष्ठ असतील तर त्यांनाही बोलवा. वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं, निळा उजेड कमी आत जातो, आणि फिकट छटांमधला बारीक भेद दिसेनासा होतो. काही पुरुषांना लाल-हिरव्यातला फरक जन्मतःच कमी कळतो. ‘मला दोन्ही सारखेच दिसतात’ असं कुणी म्हटलं तर ते त्यांच्यापुरतं खरं असतं. वाद घालू नका. ज्येष्ठांसाठी झाकेपेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे: भिंत आणि दार, भिंत आणि जिन्याचा कठडा वेगळे ओळखू येणं. ब्रिटनमध्ये अधू दृष्टीच्या माणसांसाठी असलेल्या इमारत-मानकात अशा दोन पृष्ठभागांच्या एलआरव्हीत ३० चा फरक ठेवायला सांगितलं आहे. आपल्या ५७-५८ च्या भिंतीशेजारी क्रीम रंगाचं दार त्या मानाने फार जवळचं होतं. तपकिरी दार सहज उठून दिसतं.

आणि सगळं करूनही दोघांत फरक दिसलाच नाही, तर तुमच्या खोलीपुरता तो फरक नाहीच. जो स्वस्त बेसमध्ये बनतो, जो धुता येणाऱ्या प्रकारात मिळतो, तो घ्या आणि पुढे चला.

रंग मागवताना

एका खोलीला लागणारा सगळा रंग एकाच वेळी बनवून घ्या. दोन डबे असतील तर लावण्याआधी मोठ्या बादलीत एकत्र ढवळायला सांगा. वेगवेगळ्या दिवशी बनवलेल्या डब्यांत किंचित फरक येतो, आणि बेजमध्ये तो भिंतीच्या मधोमध रेघेसारखा दिसतो. चमक कमीत कमी घ्या, विशेषतः जुन्या इमारतींत, कारण पुट्टीचे उंचवटे चमकेत लगेच दिसतात. चुलीमागची भिंत तेवढी अपवाद, तिथे धुता येणारा प्रकार हवा. छताला पांढरा देताना निळसर झाकेचा देऊ नका, त्याच्याखाली बेज जुना वाटतो.

झाकणावरची फॉर्म्युल्याची चिठ्ठी काढून वहीत चिकटवा, शेजारी छटेचा क्रमांक, इमल्शनचा प्रकार आणि तारीख लिहा. एका भिंतीला पुरेल एवढा रंग घट्ट झाकणाच्या बाटलीत काठोकाठ भरून, खोलीचं नाव लिहून ठेवा. पुढे कधी मुलांनी पेन्सिल ओढली किंवा कपाट सरकवताना ओरखडा पडला, तर तेवढ्याच जागी ठिगळ मारू नका. नवा रंग जुन्याहून स्वच्छ असतो, ठिगळ चटकन नजरेत भरतं. ती एक भिंत या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पूर्ण रंगवा. बेजमधला उरलेला फरक कोपऱ्याच्या सावलीत सहज सामावतो, आणि बाकीच्या तीन भिंतींना हात लावावा लागत नाही.